कफन, प्रेतवस्त्र, मढ्यावरचं कापड

अनुवाद करताना शीर्षक मी शेवटी ठेवते. कथा एकदा मराठीत नांदायला लागली की तिचं नाव ती स्वतःच सांगते, असा माझा अनुभव आहे. प्रेमचंदांच्या ‘कफन’ने मात्र पहिल्याच दिवशी दारात अडवलं. ‘कफन’ हा शब्द मराठी माणसाला कळतो, पण तो बहुतेकांच्या मनात मुसलमानांच्या दफनाशी जोडलेला. उत्तरेत तो सगळ्यांचा आहे, हिंदूंच्या चितेवरही कफनच असतं. ‘प्रेतवस्त्र’ म्हणावं तर ते पंचांगातून किंवा गरुडपुराणातून उचलल्यासारखं वाटतं. घीसू आणि माधव यांच्या तोंडी ते शोभणार नाही. तिसरा शब्द होता: मढ्यावरचं कापड. तो अस्सल गावठी, पण त्याच्यामागे महाराष्ट्रातला एक वेगळाच इतिहास उभा आहे. त्याकडे मी पुढे येईन.

कथा बहुतेकांना माहीत असेल, तरी सांगाडा सांगते. हिवाळ्याची रात्र. झोपडीच्या दाराशी विझलेल्या शेकोटीपाशी बाप घीसू आणि मुलगा माधव कुणाच्या तरी शेतातून चोरलेले बटाटे भाजून खातायत. आत माधवची बायको बुधिया प्रसूतिवेदनांनी तळमळते आहे. दोघांपैकी कुणीही उठत नाही, कारण आपण आत गेलो तर दुसरा जास्तीचे बटाटे फस्त करील, ही धास्ती. सकाळी बुधिया मेलेली असते, पोटातलं मूलही. दोघं रडत-भेकत जमीनदाराकडे जातात, तो दोन रुपये फेकतो. गावातून मागून पाच रुपये जमतात. कफन आणायला बाजारात गेलेले हे दोघे अखेर दारूच्या गुत्त्यावर पोचतात आणि दोन शेर पुऱ्या मागवून ते सगळे पैसे खाण्यापिण्यात उडवतात. उरलेल्या पुऱ्या भिकाऱ्याला देतात, बुधियाला आशीर्वाद देतात, गातात, नाचतात, आणि तिथेच कोसळतात.

मी दिल्लीत, मराठी घरात वाढले. प्रेमचंद शाळेत भेटले, हिंदीच्या पुस्तकात. बाईंनी सांगितलं होतं की गरिबी माणसातलं माणूसपण कसं मारते हे दाखवणारी ही कथा आहे. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत तसंच लिहिलं आणि गुणही मिळाले. या उत्तरात चूक काही नाही. पण हे उत्तर कथेतून आपोआप निघालेलं नाही, ते एका विशिष्ट काळात तयार झालं, हे समजायला मला वीसेक वर्षं लागली.

‘कफन’ आधी उर्दूत छापली गेली, डिसेंबर १९३५ मध्ये, दिल्लीच्या ‘जामिया’ मासिकात. हिंदीत ती आली एप्रिल १९३६ च्या ‘चाँद’मध्ये. त्याच एप्रिलमध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद भरली आणि अध्यक्षपदावरून प्रेमचंदांनी सौंदर्याची कसोटी बदलायला हवी असं बजावलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले. म्हणजे ही त्यांची जवळजवळ अखेरची मोठी कथा, आणि तिचं वय नेमकं त्या चळवळीइतकं. पुढच्या पिढीतल्या प्रगतिशील टीकाकारांनी ‘कफन’ हातात घेतली तेव्हा त्यांच्यासमोर १९२९ नंतरची मंदी होती, शेतमालाचे कोसळलेले भाव होते, संयुक्त प्रांतातली साराबंदीची आंदोलनं होती. त्यांना कथेतली एक जागा सापडली आणि तिच्याभोवती सगळा अर्थ बांधला गेला. ती जागा अशी: निवेदक म्हणतो की ज्या समाजात रात्रंदिवस राबणाऱ्यांची अवस्थाही या दोघांपेक्षा फारशी बरी नाही, आणि शेतकऱ्यांच्या दुबळेपणाचा फायदा घेणारे मात्र गब्बर आहेत, तिथे अशी वृत्ती निपजली तर नवल ते काय? इतकंच नव्हे, घीसू हा त्या शेतकऱ्यांपेक्षा शहाणा होता, अशीही पुस्ती तो जोडतो. बस्स. आळस हा श्रमाच्या लुटीवरचा निकाल ठरला. दोघे बापलेक हे बोट दाखवणारे झाले, आणि बोट होतं जमीनदाराकडे.

पन्नाशीच्या दशकात ‘नई कहानी’वाले आले. त्यांना प्रेमचंदांच्या सुधारकी कथांचा थोडा कंटाळा आलेला होता, ज्या कथांत शेवटी कुणाचं तरी हृदयपरिवर्तन होतं, पंच न्याय देतात, दारुडा दारू सोडतो. ‘कफन’मध्ये यातलं काहीच नाही. कुणी सुधारत नाही, कुणाला पश्चात्ताप होत नाही, लेखक कुणाचा हात धरून बाहेर नेत नाही. फाळणी पाहिलेल्या, शहरात एकट्या पडलेल्या त्या लेखकांना हे जवळचं वाटलं. आधुनिक हिंदी कथा ‘पूस की रात’ आणि ‘कफन’पासून सुरू होते, असं म्हटलं जाऊ लागलं. आता गोष्ट जमीनदाराची उरली नाही, माणसाच्या विपरीततेची झाली. बटाटे तेच, शेकोटी तीच.

१९७७ मध्ये मृणाल सेन यांनी या कथेवर तेलुगूत ‘ओका ऊरी कथा’ हा चित्रपट केला. बंगाली दिग्दर्शक, हिंदी-उर्दू कथा, तेलंगणाची माती. तिथला बाप काम न करणं हे जवळपास तत्त्वज्ञानासारखं मांडतो: राबून पोट भरतं ते मालकाचं. नक्षलबारी आणि आणीबाणी यांच्यानंतरचा तो घीसू आहे, त्यामुळे तसा असणारच. पण मला त्यातली खरी भर वाटते ती सुनेची. ममता शंकर यांनी केलेली ती बाई बोलते, भांडते, राबते, घर उभं करू पाहते. प्रेमचंदांच्या कथेत बुधियाला नाव आहे, पण एकही वाक्य नाही. दळण दळून, गवत कापून ती या दोघांचं पोट भरत होती आणि ती आल्यापासून दोघे आणखीच आळशी झाले, एवढं आपल्याला कळतं. बाकी फक्त तिच्या किंकाळ्या. चाळीस वर्षांत कथेवर इतकं लिहिलं गेलं, पण तिला बोलतं करायला एका सिनेमावाल्याला यावं लागलं.

आणि मग, नव्वदच्या दशकात, ही कथा अशा वाचकांच्या हाती गेली ज्यांच्याविषयी ती होती.

इथे महाराष्ट्राचा धागा खरोखरच येतो. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. ते हिंदीत ‘अछूत’ या नावाने गेलं. मराठी दलित आत्मकथनं वाचून हिंदीतल्या लेखकांना आपलं लिहायचं बळ मिळालं, हे त्यांनीच सांगितलं आहे. मोहनदास नैमिशराय यांचं ‘अपने-अपने पिंजरे’ १९९५ मध्ये आलं, ओमप्रकाश वाल्मीकी यांचं ‘जूठन’ १९९७ मध्ये. राजेंद्र यादव यांनी १९८६ साली पुन्हा सुरू केलेलं ‘हंस’, जे मुळात प्रेमचंदांचंच मासिक, ते या लेखनाचं एक मोठं व्यासपीठ बनलं. प्रेमचंदांच्याच मासिकात प्रेमचंदांची झडती सुरू झाली, ही त्या मासिकाला शोभणारी गोष्ट होती.

या वाचकांनी बोट ठेवलं ते कथेतल्या एका वेगळ्या जागेवर. निवेदक सुरुवातीलाच घीसू-माधवची जात सांगतो, चमार, आणि त्याच दमात हे कुटुंब गावभर बदनाम होतं असंही. पुढे जमीनदाराला जात सांगितलेली नाही, बाजारातल्या लोकांना नाही. आळस, चोरी, निर्लज्जपणा यांनाच फक्त जातीचा पत्ता आहे. प्रगतिशील टीकाकारांनी हे दोघे ‘शोषित मजूर’ म्हणून वाचले आणि जात वाऱ्यावर सोडली. वाल्मीकींनी विचारलं की दलित माणूस असा संवेदनाशून्य दाखवून ही कथा कुणाच्या बाजूने उभी राहते? डॉ. धर्मवीर यांनी तर २००५ मध्ये ‘प्रेमचंद : सामंत का मुंशी’ असं पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बुधियाच्या पोटातलं मूल जमीनदाराचं होतं, एवढं एक वाक्य लेखकाने लिहिलं असतं तर दोघांच्या थंडपणाचं सगळं कोडं सुटलं असतं. मला हे वाचन पटत नाही. ते कथेत नसलेला पुरावा बाहेरून आणतं. शिवाय मरणाऱ्या बाईवरचाच संशय वाढवून दोन पुरुषांना मोकळं करतं. अनिता भारती यांच्यासारख्या दलित लेखिकांनी धर्मवीरांच्या स्त्रीविषयक भूमिकेला कडाडून विरोध केला, तो याच कारणाने योग्य वाटतो. तरी धर्मवीरांना जी अस्वस्थता झाली ती खोटी म्हणता येत नाही. असं वागायला काहीतरी कारण हवं, आणि ‘गरिबी’ हे कारण त्यांना पुरलं नाही. गरिबीत वाढलेल्या माणसाला ते सहसा पुरत नाही.

३१ जुलै २००४ ला, प्रेमचंदांच्या जयंतीदिवशी, दिल्लीत जंतरमंतरवर भारतीय दलित साहित्य अकादमीने ‘रंगभूमी’च्या प्रती जाळल्या. रोष तिथेही जातिवाचक शब्दावर होता. मी तेव्हा दिल्लीतच होते. वर्तमानपत्रांतून, चर्चासत्रांतून हिंदी प्राध्यापकांचा संताप वाचत-ऐकत होते: पुस्तक कसं जाळतात? दलित लेखकांतही अनेकांना ते रुचलं नव्हतं. मला मात्र सारखं आठवत होतं महाड, २५ डिसेंबर १९२७. पुस्तक जाळणं म्हणजे काय, याची महाराष्ट्रात वाढलेली एक व्याख्या आहे आणि ती नाझी जर्मनीची नाही. ‘मनुस्मृती’ आणि ‘रंगभूमी’ एका तराजूत घालता येणार नाहीत, हे खरंच. सूरदास हा आंधळा चमार त्या कादंबरीचा नायक आहे, आणि प्रेमचंदांच्या सगळ्या लिखाणातल्या ताठ कण्याच्या माणसांपैकी एक. पण ज्याला तो शब्द आयुष्यभर शिवीसारखा ऐकावा लागला, त्याला छापील पानावर तो प्रेमळ कसा वाटावा?

आता १९३५ कडे परत जाऊ, कारण माझ्या मते दोन्ही पक्षांनी ‘तेव्हाचा काळ’ आपापल्या सोयीने निवडला.

१३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. ‘कफन’ ‘जामिया’त आली त्याच्या दोन महिन्यांनी. हिंदी ‘कफन’ एप्रिल १९३६ ची. पुढच्याच महिन्यात आंबेडकरांनी लाहोरचं रद्द झालेलं आपलं भाषण, ‘जातिप्रथेचं निर्मूलन’, स्वखर्चाने छापून काढलं. खुद्द संयुक्त प्रांतात स्वामी अछूतानंदांच्या आदि हिंदू चळवळीने वीसच्या दशकापासून गावोगाव सभा घेतल्या होत्या. इतिहासकार रामनारायण रावत यांनी दाखवलं आहे की उत्तर प्रदेशातले बहुसंख्य चमार हे कातडी कमावणारे नव्हते, जमीन कसणारे होते. ‘चामड्याचं काम करणारी, गुरांना विष घालणारी जात’ ही ओळख मोठ्या प्रमाणात वसाहतीच्या कागदपत्रांनी घट्ट केली. म्हणजे ज्या दशकात ही जात वेठबिगार नाकारत होती, संघटना बांधत होती, त्याच दशकात साहित्यात तिचे प्रतिनिधी म्हणून घीसू आणि माधव उभे राहिले. प्रेमचंदांना दुसरी बाजू ठाऊक नव्हती असं म्हणायला जागा नाही. ‘सद्गती’, ‘ठाकूर का कुआँ’ आणि ‘दूध का दाम’ याच हाताने याच दशकात लिहिल्या. ‘सद्गती’तला दुखी उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता ब्राह्मणाच्या दारात मरतो, तिथे क्रौर्य कुठून येतं ते लख्ख दिसतं. (सत्यजित राय यांच्या चित्रपटातले तो पंडित साकारणारे मोहन आगाशे मराठी प्रेक्षकाला विसरता येणार नाहीत.) एकाच लेखकाने कष्ट करून मरणारा दुखी आणि कष्ट नाकारून जगणारा घीसू, दोघांना चार-पाच वर्षांच्या अंतराने लिहिलं. मी दोन्ही कथा एकत्र छापाव्यात अशा मताची आहे. घीसूने दुखीचं मरण पाहिलेलं आहे, असं समजून ‘कफन’ वाचा. तो काम का टाळतो हा प्रश्न उरतच नाही.

पण एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो मला अनुवादाच्या टेबलावर सापडला. बुधिया रात्रभर ओरडते. पहाटेनंतर शेजारी धावत येतात, सांत्वन करतात, बायका प्रेत पाहून हळहळतात. रात्री त्या कुठे होत्या? उत्तर भारतात बाळंतपणं करणाऱ्या सुइणी बहुतेक याच जातींतल्या. आख्ख्या गावाची नाळ कापणाऱ्या बायका ज्या वस्तीत राहतात, तिथेच एक पोर सुइणीविना मरते आणि एकही म्हातारी काठी टेकत येत नाही? हे प्रेमचंदांना ठाऊक नसेल असं नाही. ‘दूध का दाम’मधली भुंगी ही दाईच आहे, जमीनदाराच्या मुलाला आपलं दूध पाजणारी. मग ‘कफन’मध्ये त्यांनी वस्ती पुसून टाकली आणि झोपडी एकटी ठेवली. कलेच्या दृष्टीने त्याचा फायदा उघड आहे. दोन माणसं, एक शेकोटी, एक किंकाळी; मध्ये कुणी आलं असतं तर कथा फुटली असती. पण ही जागा रिकामी केली गेली आहे, हे ज्यांना त्या वस्तीत राहायचं माहीत आहे त्यांनाच पटकन दिसतं. सत्तर वर्षांतल्या हिंदी समीक्षेचं मी जे काही वाचलं आहे, त्यात घीसूच्या मनोवृत्तीवर पानंच्या पानं आहेत आणि सुइणीवर ओळ शोधावी लागते.

या जागी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ आठवल्यावाचून राहत नाही. खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा मुंबईबाहेरच्या स्मशानातली राख चाळून, प्रेतं उकरून सोनं काढतो आणि बायकापोरांना जगवतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत तो प्रेताच्या तोंडातलं सोनं काढायला जातो आणि बोटं त्या जबड्यात अडकतात. बोटं जातात, आणि त्याच दिवशी कळतं की खाण पुन्हा सुरू होते आहे. ही कथाही किळस आणते. इथेही भूक आहे आणि मेलेल्याच्या वस्तूवर जगणं आहे. पण भीमाच्या मागे एक घर आहे, भीती घालणारी बायको आहे, लाडकी मुलगी आहे. त्याच्या जातीतल्या, त्याच्या पोटातल्या लेखकाने तो लिहिला. ‘कफन’ बाहेरून पाहिलेली आणि ‘स्मशानातील सोनं’ आतून, असा सोपा निवाडा मी करणार नाही. आतून लिहिलेल्यातही खोटं असतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला कधीकधी नेमकं दिसतं. फरक एवढाच सांगते की अण्णा भाऊंना झोपडी एकटी ठेवावीशी वाटली नाही.

आता अनुवादाच्या दोन गाठी. पहिली जातीची. सोपं होतं: चमार म्हणजे चांभार. मी तसं लिहिलंही, आणि खोडलं. महाराष्ट्रातला चांभार हा कारागीर. अस्पृश्यांतल्या उतरंडीत तो महार-मांगांच्या वरचा समजला गेला. उत्तर प्रदेशातला चमार हा संख्येने सर्वांत मोठा, शेतात राबणारा, वेठ करणारा, मेलेलं जनावर ओढणारा. गावगाड्यातली त्याची जागा आपल्याकडच्या महाराच्या जवळची. ‘चांभार’ लिहिलं तर शब्द बरोबर आणि माणूस चुकीचा. ‘महार’ लिहिलं तर १९२७ नंतरचा, मेलेली जनावरं ओढायचं सोडलेला, १९५६ ला धम्म घेतलेला एक समाजच मी घीसूच्या जागी बसवते. ‘दलित’ लिहिलं तर १९७२ च्या पँथरांचा शब्द १९३५ च्या जमीनदाराच्या गावात नेऊन सोडते. प्रेमचंदांवरचा आरोपही त्यामुळे हळूच पुसला जातो, आणि तो पुसण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. शेवटी ‘चमार’ तसाच ठेवला आहे. तो मराठी वाचकाला बोचेल.

दुसरी गाठ शीर्षकाची. ‘मनुस्मृती’च्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रं नेसावीत असा नियम आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क होता; बलुत्याच्या इतर तुकड्यांसारखाच वतनात मोजलेला. कुणाच्या मरणाची बातमी गावोगाव पोचवायची त्याने, आणि मोबदला म्हणून प्रेतावरून उतरलेलं कापड घ्यायचं त्याने. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध बिल आणलं ते असल्या हक्कांच्या जाळ्यातून सुटण्यासाठी. या इतिहासातून आलेला वाचक ‘कफन’ वाचतो तेव्हा त्याला बाजारातला तो संवाद वेगळाच ऐकू येतो. जिवंतपणी अंग झाकायला चिंधी मिळाली नाही तिला मेल्यावर कोरं कापड कशाला, असं घीसू म्हणतो. आपल्याकडे हे केवळ दारुड्याचं तत्त्वज्ञान राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मढ्यावरचं कापड नेसलेल्या माणसांपैकी एकजण आपल्या घरच्या मढ्यावर कोरं कापड घालायचं नाकारतो आणि पोटभर पुऱ्या खातो. मला हे प्रेमचंदांना अभिप्रेत होतं असं म्हणायचं नाही. मराठीत शब्द बदलला की हे आपोआप घडतं.

मसुदा मी एका ओळखीच्या निवृत्त शिक्षिकेला वाचायला दिला. मूळ विदर्भातल्या, नोकरी सगळी मध्य प्रदेशात. त्यांच्या आजी सुईण होत्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. शीर्षक ‘मढ्यावरचं कापड’च असू द्या, म्हणाल्या. मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, “पण ताई, त्या रात्री आमच्या आजीला कुणी बोलावलं कसं नाही?”